आधी किल्ल्या वाजव

९ जानेवारी

मामा,

काल डॉक्टरांनी तोंड उघडायची परवानगी दिली. घशातली गाठ काढल्यापासून पाटीवर लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं आणि स्वभाव बिघडला. पहिलं वाक्य आईला बोलले, "चहा टाक." आई ढसाढसा रडली. चहा राहिलाच.

त्या मुक्या दिवसांत तुझी पत्रं आली नसती तर मी भिंतीशी बोलायला लागले असते. आता बोलता येतंय म्हणून पहिला फोन तुलाच केला, तर मामी म्हणाली, "तो फोनवर यायला तयार नाही, पत्रच लिहू दे म्हणतोय." बरं बाबा. सवय लागलीच आहे.

आता कामाचं. हळूहळू गायलासुद्धा परवानगी आहे. ऑपरेशनच्या आधी ज्या संगीतकारांकडे मी कोरसमध्ये उभी राहायचे, त्यांनी एक गाणं माझ्यासाठी राखून ठेवलंय. एकटीचं. म्हणाले, "स्टुडिओत घड्याळाकडे बघत गाऊ नकोस, घरी निवांत गा, आवाज धरून पाठव. फक्त लोण्यासारखा हवा. कुठे टोचता कामा नये." मे अखेरपर्यंत थांबतो म्हणाले. नाही जमलं तर दुसरी कुणीतरी गाईल.

मामा, हे गाणं मला गाता आलं तर मी गायिका आहे. नाही आलं तर माझं काय ते मला कळेल. एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीला "दरवाजा बंद होत आहे" म्हणायला कायमचा आवाज हवा आहे, त्यांनी विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. हसू नकोस.

माझ्याकडे बाजारातला साधा माइक आहे आणि कॉम्प्युटरला जोडायची एक छोटी पेटी. कुठला माइक घेऊ? पुढे काय लावू? तू उभा जन्म काचेमागे बसून लोकांचे गळे धरलेस (आवाजाचे म्हणते मी), तूच सांग.

तुझी,
टिटवी


१७ जानेवारी

टिटवे,

"कुठला माइक घेऊ" हा प्रश्न म्हणजे "कुठली चप्पल घेऊ" असं दुकानदाराला पत्रातून विचारणं. पायाचं माप कोण देणार, तुझा बाप?

तरी ऐक. माइक तीन जातींचे. तुझा आहे तो कंडेन्सर, नाजूक पडद्याचा. त्याला सगळं ऐकू येतं, कोपऱ्यावरच्या शेजारणीसारखं. दुसरा डायनॅमिक, स्टेजवर हातात धरतात तो. जाड कातडीचा, तोंडाशी बोलाल तेवढंच ऐकतो. तिसरा रिबन, जुन्या जमान्यातला. आवाजाचे वरचे कोपरे घासून गोल करतो. माझ्याकडे एक आहे, आम्ही त्याला "आजोबा" म्हणायचो. तो कपाटात झोपलाय, झोपू दे. त्याच्यात सगळं संध्याकाळ झाल्यासारखं येतं.

पण माइकच्या आधी खोली बघ. रिकाम्या भिंती असतील तर माइक कितीही भारी घे, न्हाणीघरात गातेयस असंच वाटेल. मागे रजया टांग, कपड्यांचं कपाट उघडं ठेव. माइकपासून वीतभर लांब उभी राहा आणि थेट त्याच्या तोंडात गाऊ नकोस, जरा बाजूने गा. फुंकर अडवायला मध्ये जाळी लाव.

पुढची साखळी साधी ठेव. माइकमधून आवाज मुंगीएवढा येतो, त्याला मोठा करते ती तुझी पेटी. ती ठेच लागल्यासारखी ओरडेपर्यंत वाढवू नकोस. मग कॉम्प्रेसर. तो म्हणजे मोठ्या आवाजाच्या डोक्यावर ठेवलेला हात. हात ठेवायचा, टपली मारायची नाही. एकाने दाबून धरण्यापेक्षा दोघांनी थोडं थोडं दाबावं, गाणाऱ्याला कळतसुद्धा नाही. शेवटी "स", "श" यांची शिट्टी कमी करणारं यंत्र, तेही नावापुरतं.

आणि काहीही करायच्या आधी किल्ल्या वाजव. आठवतं ना? शाळेतून सुटलीस की स्टुडिओत येऊन बसायचीस, माझा जुडगा हातात घेऊन प्रत्येक माइकसमोर वाजवायचीस आणि मला सांगायचीस, "मामा, हा खोटारडा आहे." किल्ल्यांचा आवाज सगळ्यात बारीक, सगळ्यात वरचा. जो माइक किल्ल्यांना किल्ल्या म्हणतो त्याच्यावर गळा सोपवावा. हल्ली मात्र किल्ल्याही पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. परवा माझे जुने माइक काढून तपासले, तर शिशाचे तुकडे आपटावेत तशा वाजल्या. कुलपंच बोगस निघतात, किल्ल्यांना काय दोष द्यायचा!

फोनचं म्हणशील तर फोनवर आवाज ऐकणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं. पत्रच बरं. इकडे तुझ्या मामीने दाराची घंटा बदललीय. आधीची कशी गोड किणकिणायची. आता दारात म्हैस हंबरते. विचारलं तर म्हणते, "असू दे."

मामीचा आशीर्वाद, माझी टपली.

मामा


८ फेब्रुवारी

मामा,

सगळं तू सांगितलंस तसं केलं. पलंग उभा करून भिंतीला टेकवला, त्याच्यावर दोन रजया. कपाट उघडं. माझ्या मागे आईच्या साड्या, पुढे माइक. जाळीसाठी आईचं भरतकामाचं कडं घेतलं आणि त्याच्यावर तिचा लांब पायमोजा ताणून बसवला. ती सकाळपासून दुसरा पायमोजा घालून पहिला शोधत होती. सापडला तेव्हा मी त्याच्यासमोर डोळे मिटून गात होते. आई म्हणाली, "मोज्याला गाणं ऐकवतेस, आईला ऐकवायला लाज वाटते?"

मग पहिला सूर लावला. गळा आहे की नाही हे बघायला मी जणू अंधारात हात घातला. होता. ओळखीचा वाटला. वरच्या पट्टीत जाताना थोडी भ्याले, पण गेले.

पेनड्राइव्ह पाकिटात आहे. किल्ल्या वाजवायचं घाईत राहून गेलं, रागावू नकोस. मला तर आवाज बरा वाटतोय, पण माझं काय खरं? लहानपणापासून या घरात तुझा कान म्हणजे कोर्ट. तू म्हणशील ते.

टिटवी


१९ फेब्रुवारी

टिटवे,

ऐकलं. हेडफोन लावून, डोळे मिटून, मामीला स्वयंपाकघरात पिटाळून.

सूर पक्का आहे. भाव आहे. पण आवाजावर घोंगडी टाकलीय गं. वरचा उजेडच नाही. तुझ्या आवाजाला एक चकाकी होती, ओळ संपताना श्वास हलकेच सुटायचा तोसुद्धा ऐकू यायचा. ते कुठेच नाही. शब्दसुद्धा एकमेकांत मिसळतायत.

घाबरू नकोस, दोष माइकचा. बाजारातली स्वस्त वस्तू, तिच्याकडून काय अपेक्षा करायची. असं कर. रजया काढ, आपण अती केलं. जरा उजळ, कडक माइक कुणाकडून तरी आण. तारसप्तकाच्या वरची पट्टी, म्हणजे आवाजाची वरची धार, चांगली वाढव. भीड बाळगू नकोस. शिट्टी कमी करणारं यंत्रही काढून टाक, ते उगाच आवाज खातंय.

मग पुन्हा पाठव.

मामा


१४ मार्च

मामा,

ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याकडून उजळ माइक भाड्याने आणला. रजया काढल्या. धार वाढवली, तू म्हणालास तशी, मग आणखी थोडी. ते रेकॉर्डिंग तुला पाठवलंय आणि संगीतकारांनाही पाठवलं.

त्यांचा फोन आला. खूप सौम्य बोलले, म्हणजे किती वाईट असेल बघ. म्हणाले, "बाळ, प्रत्येक 'स'ला कानात सुई टोचतेय. माझी बायको शेजारच्या खोलीतून उठून आली, कुकर झालाय का बघायला." मग विचारलं, "ऑपरेशननंतर आवाज असा झालाय का?"

मी म्हटलं, माइकचा दोष आहे. ते म्हणाले, बरं.

आता तू मला सांग. तू म्हणतोस आवाज झाकोळलेला आहे, ते म्हणतात टोचतो. एकाच गळ्यात दोन्ही कसं असेल? मी ऐकते तेव्हा मलाही टोचतं, पण मी माझ्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलंय. परत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळी घालून बघितलं, म्हणाले स्वच्छ आहे. त्यांना गळा दिसतो, गाणं थोडंच दिसतं.

मामा, माया जरा बाजूला ठेव आणि खरं सांग. गेला का माझा आवाज?

टिटवी


२५ मार्च

टिटवे,

तुझं दुसरं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. आधी हेडफोनवर, मग मोठ्या स्पीकरवर, मग पुन्हा हेडफोनवर. तुझं पत्र उशीखाली घेऊन दोन दिवस काढले. तू खरं विचारलंस, तर खोटं बोलून मी तुझा मामा राहणार नाही.

संगीतकारांना कुठे टोचलं ते मला कळत नाही. लोकांचे कान हल्ली मोबाइलने बिघडलेत. मला तर एवढी धार वाढवूनही तो उजेड परत आलेला दिसत नाही. माइक बदलला, खोली बदलली, सगळी साखळी बदलली, आणि घोंगडी तिथेच आहे. म्हणजे बदलायचं राहिलं एकच.

बाळ, गाठीबरोबर आवाजाचा वरचा थर गेलाय असं मला वाटतं. सूर आहे, पण सुराची झाक गेली. असं होतं. मी पाहिलंय. मोठमोठे गळे असे मिटलेले पाहिलेत.

तू एवढीशी होतीस तेव्हापासून तुझा आवाज माझ्या कानात आहे, आणि मीच तुला हे सांगायचं हे माझं नशीब. लिफ्टच्या कामात कमीपणा नाही. आवाज लोकांच्या उपयोगी पडावा, मग गाऊन पडो की बोलून.

इकडे जुन्या फितींचं काम आलंय. एका संग्रहालयाने पेट्याच्या पेट्या पाठवल्यात, गाणी साफ करून द्यायचीत. त्यासुद्धा सगळ्या मलूल. प्रत्येकीला वरून उजेड द्यावा लागतोय. गंमत बघ, यातली बरीच मीच धरली होती, आणि मला तर ती लखलखीत आठवतात. काळ सगळ्यांवर धूळ बसवतो.

रडू आलं तर रड. मग मामीसाठी चार ओळी लिही, ती तुझ्या पत्राची वाट बघते.

मामा


६ एप्रिल

मामा,

बरं.

लिफ्ट कंपनीला हो म्हटलं. महिन्याभराने काम सुरू. आईने ऐकलं आणि भांडी घासायला घेतली, जी घासून झालेली होती.

मी चिडलेली नाही. तू खरं सांगितलंस. मी मागितलं होतं.

पण एक केलं. सगळी यंत्रं काढून टाकली. भाड्याचा माइक परत केला. माझ्याकडे कोरसच्या दिवसांतला एक स्टेजचा माइक आहे, जाड कातडीचा म्हणालास ना तो, दोन-तीनदा पडलेला, डोक्याला पोचा असलेला. तो घेतला. रजया परत टांगल्या, कारण मला त्यांच्यात उभं राहिलं की बरं वाटतं. ना धार वाढवली ना काही. एकदा गायले आणि बंद केलं. हे संगीतकारांसाठी नाही. तुझ्यासाठी आहे, आठवण म्हणून ठेव.

आणि या वेळी सगळं शिस्तीत केलंय. सुरुवातीला किल्ल्या वाजवल्यात. आईच्या दागिन्यांच्या पेटीचा तो बारीक किल्ल्यांचा जुडगा, हात लांब करून, तू शिकवलंस तसं, हळू आणि चार वेळा. मग घसा साफ करून गायलेय.

मामीला सांग, लिहीन.

टिटवी


१५ एप्रिल

टिटवे,

तुझी आठवण मिळाली. जपून ठेवली आहे.

पहिली गोष्ट, किल्ल्या विसरलीसच. पत्रात शिस्तीच्या बाता मारल्यास आणि सुरुवातीला बघतो तर नुसती खोली. मी आवाज वाढवून ऐकलं, काही नाही. मग तू घसा साफ करतेस आणि गातेस. असू दे. शेवटच्या वेळी कोण रागावणार?

गायलीस छान. खालचे सूर तर फारच. माझ्या ताईचा, म्हणजे तुझ्या आईचा, गळा आठवला, तीही कामं करताना अशीच गुणगुणायची. तो वरचा उजेड नाही, पण आता मी त्याच्याबद्दल बोलणार नाही.

लिफ्टमध्ये "दरवाजा बंद होत आहे" म्हणायची वेळ आली की मामाची आठवण काढ.

मामा


१९ एप्रिल

मामा,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. पहिल्या तिन्हींत हवापाण्याचीच चौकशी होती.

मी किल्ल्या विसरले नव्हते.

तुझं पत्र वाचल्यावर ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आईला बोलावलं. तिला काही सांगितलं नाही, नुसतं ऐक म्हटलं. ती म्हणाली, "माझ्या पेटीच्या किल्ल्या कशाला घेतल्या होत्यास?" शेजारचे काका वर्तमानपत्र मागायला आले होते, त्यांनाही ऐकवलं. त्यांना विचारलं काय वाजतंय. म्हणाले, "किल्ल्या. चार वेळा. का, हरवल्या का कुणाच्या?"

किल्ल्या आहेत मामा. चांगल्या ठणठणीत आहेत.

मग मी तुझी सगळी पत्रं घेऊन बसले. शिशासारख्या किल्ल्या. बोगस कुलपं. मलूल फिती. एकमेकांत मिसळणारे शब्द. फोनवर न येणं, जे मला वाटायचं तू माझ्यासाठी करतोस. मला माझ्या गळ्याची इतकी भीती बसली होती की दुसरं काही सुचलंच नाही.

तू मोठा आहेस आणि मी कोण तुला सांगणारी. मला माहीत आहे हे वाचून तुझा जीव कसा होईल. पण माझाही झाला होता. तुझ्या एका पत्रावर मी गाणं सोडून मजल्यांचे आकडे म्हणायला तयार झाले. मला तुझा राग आला. खूप आला. दोन दिवस आला. आता रागापेक्षा भीती वाटतेय, की तू हे पत्र फाडून टाकशील.

फाडण्याआधी एकच कर. मामीला तुझ्या पाठीमागे उभी कर आणि तिला किल्ल्या वाजवू दे. कधी वाजवल्या ते तू सांग.

तुझीच,
टिटवी


२६ एप्रिल

चि. कु. भाचीस,

पत्र मिळालं.

ज्या कानाने तुला सा ओळखायला शिकवला त्याची परीक्षा आता शेजारचे काका घेणार, हे ऐकून धन्य झालो. आपल्या गळ्यातली उणीव दुसऱ्याच्या कानावर ढकलणं सोपं असतं. हे नाचता येईना, अंगण वाकडं झालं.

फितींचं काम पडलंय. वेळ नाही.

मामा


४ मे

मामा,

तू मला "चि. कु. भाचीस" लिहिलंस. असं तू फक्त आमंत्रणपत्रिकेवर लिहितोस.

मी काही परत सांगणार नाही. तू किल्ल्या वाजवून घेतल्यास का एवढंच विचारते. लिफ्टचं काम मी पुढे ढकललंय. संगीतकारांना अजून काही पाठवलेलं नाही. तुझ्याशिवाय पाठवायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं.

टिटवी


१८ मे

टिटवे,

सव्वीस तारखेचं पत्र चुलीत घाल. घालू नकोस, ठेव. पुढे मी कधी शहाणपणा करायला लागलो की दाखव.

तुझं शेवटचं पत्र आलं त्या दिवशी मी मामीला म्हटलं, तुझ्या लाडक्या भाचीची हौस फिटू दे. जुडगा तिच्या हातात दिला आणि पाठ करून बसलो. म्हटलं, वाजव. बसून राहिलो. म्हटलं, वाजव ना. मागून काही नाही. चिडून वळलो तर ती माझ्या खांद्यामागे उभी राहून किल्ल्या वाजवतच होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात हलत होता. टिटवे, हात हलताना दिसला आणि मग मला किंचित ऐकू आलं. डोळ्यांनी ऐकू आलं.

मी विचारलं, "घंटा का बदललीस?" म्हणाली, "आधीची तुम्हाला ऐकू येत नव्हती. माणसं दारात उभी राहून परत जायची." मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "तुमचं सगळं त्या कानांत. मला नाही झालं धाडस." इतके महिने तिने म्हैस हंबरवली, माझी बोलणी खाल्ली.

कान तपासून घ्यायला गेलो. काचेच्या खोलीत बसवलं. जन्मभर मी काचेच्या बाहेर बसून लोकांना "तयार?" म्हणालो, या वेळी मी आत. एका पोरीने कानाला हेडफोन लावले आणि सांगितलं, ऐकू आलं की बटण दाबा. मी दाबत होतो. मग दाबायचं थांबलो, आणि ती काचेपलीकडे अजून चाकं फिरवतच होती. तिने कागदावर रेघ काढून दिली. रेघ बरी चालते आणि मग जिना उतरावा तशी खाली जाते. ज्या पायऱ्या गेल्यात तिथेच तुझा उजेड होता, किल्ल्या होत्या, मामीची घंटा होती. यंत्र मिळतं म्हणे कानात घालायचं. थोडं परत मिळेल, सगळं नाही.

संग्रहालयाला कळवलं. मी धार वाढवून दिलेल्या फिती परत मागवल्यात. कुणाच्या कानात किती सुया टोचल्या असतील कोण जाणे. मूळ फिती शाबूत आहेत, तेवढं बरं. काम मात्र गेलं. जायलाच हवं होतं.

त्याचं मला एवढं नाही. तुझं आहे. माझा कान आजारी होता आणि औषध मी तुझ्या गळ्याला पाजलं. तुझा आवाज गेला असं मी माझ्या हाताने लिहिलं. लिहिताना मला वाटत होतं मी किती धीराचा, किती खरा. तुला माफ करता येत नसेल तर करू नकोस, पण गा.

सोबत पेटीतून आजोबा पाठवतोय. तो मऊ आहे, टोचणार नाही. नाजूकही आहे, फुंकर मारू नकोस. लावून बघ. पण टिटवे, मला विचारू नकोस. तूच ऐक आणि ठरव. मी सांगण्यातला राहिलो नाही.

मामा


३ जून

मामा,

आधी मामीला सांग की मी तिच्यावरही रागावलेय, आणि भेटले की तिला घट्ट मिठी मारणार आहे. दोन्ही एकदम.

आजोबा सुखरूप पोचले. आईने त्यांना हात जोडले. दोन दिवस त्यांच्यासमोर गायले. बाजारातला माइक लावला, पोचा पडलेला लावला, पुन्हा आजोबा. प्रत्येकासमोर किल्ल्या वाजवल्या. राग मानू नकोस, पण आजोबा नापास. तू जानेवारीत म्हणालास ते बरोबर होतं, त्यांच्यात संध्याकाळ होते. शिवाय त्यांचा आवाज इतका बारीक की माझी पेटी पूर्ण वाढवली की ती फुसफुसते. हे तुला ऐकू येणार नाही म्हणून सांगते. माझ्या गळ्याला पोचेवाला बरा. वीतभरावरून, दोन रजयांच्या मध्ये, हात ठेवल्यासारखं दोनदा दाबून, आणि शिट्टीवाल्या यंत्राला नावापुरतं काम देऊन. म्हणजे पहिल्या पत्रातलं तुझंच सगळं. ते कानाने लिहिलेलं नव्हतंस, आठवणीने लिहिलं होतंस, म्हणून बरोबर आलं असावं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी संगीतकारांना पाठवलं. काल फोन आला. म्हणाले, "आता याला हात लावू नकोस." मी विचारलं, टोचतंय का? म्हणाले, "नाही गं बाई." गाणं माझं आहे, मामा.

लिफ्टचं कामही घेतलंय, थोडं थोडं. त्यांना सांगितलं की मजल्यांचे आकडे मी खालच्या पट्टीत म्हणणार. ते म्हणाले, वरच्या आवाजात तरतरी वाटते. मी म्हटलं, तरतरी वाटेल पण सगळ्यांना ऐकू येणार नाही. ऐकलं त्यांनी.

गाणं पाकिटात आहे. यंत्र आलं नसेल तर ते येईपर्यंत थांबू नकोस, आजच लाव. तुला जे ऐकू येणार नाही ते मी लिहून देते. पहिल्या ओळीआधी मी श्वास घेते तो ऐकू येतो, थोडा थरथरतो, मी तसाच ठेवलाय. दुसऱ्या कडव्यात तीन "स" लागोपाठ आहेत, तिन्ही मऊ आहेत, मी मोजून ऐकलेत. वरच्या सुरावर आवाज जरा खरखरतो. तो ऑपरेशनचा आहे. तेवढं खरंच बदललंय, आणि संगीतकारांना तेच आवडलं. शेवटची ओळ संपते तिथे श्वास हलकेच सुटतो, तू म्हणायचास तसा. तो आहे. गेला नव्हता. त्याच्या खालचं सगळं तुझं तू ऐक, त्यात तुझ्या ताईचा गळा आहे.

सुरुवातीला थोडी नुसती खोली आहे असं वाटेल तुला. पुढे ढकलू नकोस. तिथे मी किल्ल्या वाजवल्यात.

टिटवी